नाक ‘सरावतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून घरी आलात, दार उघडताच गॅसचा वास आला. सासूबाई तासभर स्वयंपाकघरातच मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांना पत्ताच नव्हता. शेगडीजवळ रबरी नळीला बारीक चीर गेली होती. प्रसंग निभावला, पण घरात आता दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, त्यांचं नाक गेलं. दुसऱ्याचं म्हणणं, त्यांना सवय झाली. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की वासाची सवय होते, तर मग दाढदुखीची का होत नाही?

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, २७ वर्षं झाली. ज्ञानेंद्रियांची प्रात्यक्षिकं बरीच वर्षं माझ्याकडेच आहेत, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या वेषात दरवर्षी भेटतो.

आधी निकाल सांगतो. सासूबाईंचं नाक ठणठणीत असू शकतं, आणि त्यांना ‘सवय’ही झालेली नसावी. मराठीत जे घडलं त्याला अचूक शब्द आहे: सरावणं. अंधाराला डोळे सरावतात तसं वासाला नाक सरावतं. बोलताना आपण सवय आणि सरावणं यांची सरमिसळ करतो, पण शरीरात त्या दोन गोष्टी वेगळ्या ठिकाणी घडतात.

खूण सोपी आहे. लक्ष दिल्यावर ती जाणीव परत येते का, ते बघायचं. आत्ता हे वाचताना डोक्यावर पंखा फिरत असेल, तर त्याचा आवाज तुम्हाला जाणवत नव्हता. मी नाव काढलं आणि जाणवायला लागला. कान आपलं काम करतच होता, मेंदूने ती बातमी बाजूला ठेवली होती. ही सवय. मेंदू त्या आवाजावर पाळत ठेवूनही असतो बरं का; रात्री वीज जाते आणि उकडायला लागायच्या आधीच जाग येते, ती पंख्याचा आवाज थांबल्यामुळे.

आता सासूबाईंना कुणी त्या तासाभरात विचारलं असतं, “बघा हो, गॅसचा वास येतोय का?” तर त्यांनी नाक वर करून दोनदा हुंगलं असतं आणि प्रामाणिकपणे “नाही बाई” म्हटलं असतं. लक्ष देऊनही वास परतला नसता, कारण नाकातून निघणारी बातमीच जवळजवळ बंद पडली होती. हे सरावणं. घरातल्या ज्या कुणी त्यांना “लक्ष कुठे असतं तुमचं” म्हणून ऐकवलं असेल, त्यांनी ते शब्द मागे घ्यावेत.

नाकात काय होतं ते जरा जवळून बघू. एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं दुर्गंधी रसायन मुद्दाम अगदी थोडं मिसळतात. ही पद्धत अपघातांतून शिकलेली आहे. १९३७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू तळघरात साठून स्फोट झाला, सुमारे ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास देणं तिथे कायद्याने सक्तीचं झालं. तर हा मरकॅप्टनचा रेणू नाकाच्या छतापाशी असलेल्या ओलसर पडद्यात विरघळतो आणि तिथल्या चेतापेशीच्या केसासारख्या टोकावरच्या एका ठरावीक रिसेप्टरला (बाहेरची खूण टिपणाऱ्या रचनेला) चिकटतो. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला आणि २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. रेणू चिकटला की पेशीच्या भिंतीतली दारं उघडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतं, पेशी पेटते, मेंदूला निरोप जातो.

आणि गंमत इथेच आहे. आत शिरलेलं कॅल्शियमच एका प्रथिनाला धरून त्या दारांना आतून कडी घालतं. जो निरोप देतो तोच दार लावून घेतो. हे काही सेकंदांत सुरू होतं. रेणू बाहेर तेवढेच असले तरी पेशी दर क्षणाला कमी बोलते. पुढे मिनिटं जातात तसा मेंदूतला गंधाचा भागही त्या निरोपाकडे पाठ फिरवतो. म्हणजे नाक आधी, मेंदू नंतर, अशी दोन्हीकडून नाकेबंदी.

यातली एक गोष्ट लोकांना पटत नाही. हे सरावणं त्या त्या वासापुरतं असतं. सासूबाईंच्या नाकाखाली त्याच वेळी हिंगाची डबी धरली असती, तर तो वास त्यांना व्यवस्थित कळला असता. म्हणूनच माणसाला खात्री असते की आपलं नाक चालू आहे, आणि म्हणूनच तो वास नाही म्हणजे गॅस नाही असं धरून चालतो.

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आठवा. तुम्ही घरून डबा नेता, दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो, एक बटण दाबतो आणि आकडा शून्य होतो. डबा तिथेच आहे, त्याचं वजन तेवढंच आहे, पण काटा आता फक्त त्यात पडणारं तेल मोजणार. आपली जवळजवळ सगळी ज्ञानेंद्रियं हे बटण दिवसभर दाबत असतात. जे आहे तसंच आहे त्याला शून्य धरायचं, आणि बदलेल ते सांगायचं. तुम्ही बाहेरच्या हवेत शून्य केलेला काटा घेऊन दारात आलात. सासूबाईंचा काटा गॅसच्या हवेत हळूहळू शून्य होत गेला होता. गळती बारीक असली की हे अधिकच होतं, कारण वास इतका सावकाश चढतो की वाढ म्हणून तो कधी जाणवतच नाही.

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्याच्या गावी पाहुणा एसटीतून उतरतो तो नाकाला रुमाल लावूनच. गावकरी विचारतात, “कसला वास?” मळीचा वास त्यांना खरंच येत नाही. तेच गावकरी आठ दिवस पुण्याला राहून परतले की स्टँडवर त्यांनाही येतो, पहिली काही मिनिटं.

आमच्याकडे पहिल्या वर्षाला शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिन असतं. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग दारातून परत फिरतो, महिन्याभरात तीच मुलं हॉलमधून निघून थेट डबा उघडतात. मी विद्यार्थी होतो तेव्हा आई मला मागच्या दाराने थेट न्हाणीघरात पाठवायची आणि मला वाटायचं, ही उगाच करतेय. पण फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात ते मात्र लवकर थांबत नाही. ते काम गंधाच्या चेतातंतूचं नसून चेहऱ्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूचं आहे, आणि वेदनेचा कायदा वेगळा. दाढदुखीकडे येऊ तेव्हा हे पुन्हा लागेल.

एका वायूचं नाव इथे घेतलंच पाहिजे: हायड्रोजन सल्फाइड. मैलाटाकीत, गटारात, बायोगॅसच्या खड्ड्यात तो असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेतलं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास येणं बंद होतं, त्याहून वाढलं तर जवळजवळ लगेच. इथे नाक नुसतं सरावत नाही, चेतातंतू बधिर होतो. खाली उतरलेला माणूस वरच्याला सांगतो, “वास गेला, आता बरं आहे,” आणि तेच त्याचं शेवटचं वाक्य ठरू शकतं. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. मैलाटाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा जागी वायू तपासायला मोजणारं यंत्रच लागतं; नाकाने तपासणं म्हणजे आत्मघात.

आता नाक सोडून बाकीच्यांकडे.

बोटातली अंगठी घ्या, किंवा चश्मा. पहिल्या दिवशी चश्म्याचं वजन नाकावर टोचतं, नंतर आपण चश्मा कपाळावर सरकवून घरभर शोधतो. त्वचेत स्पर्शाचे चार मुख्य प्रकारचे रिसेप्टर आहेत. दोन सावकाश सरावणारे, दोन चटकन. चटकनवाल्यांतला सगळ्यात मोठा म्हणजे पॅसिनीचा कण. एखाद-दीड मिलिमीटरचा, साध्या डोळ्यांना तांदळाच्या कणीसारखा दिसतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कापलेला कांदा. मधोमध चेतातंतूचं टोक, भोवती पदरावर पदर, मध्ये द्रव. बाहेरून दाबलं की पहिल्या क्षणी दाब मध्यापर्यंत पोचतो आणि तंतू एकदा बोलतो. लगेच द्रव इकडेतिकडे सरकतो, पदर दाब वाटून घेतात, मध्यावरचा ताण उतरतो, तंतू गप्प. दाब काढला की पुन्हा एकदा बोलतो. मधल्या काळात बोट तिथेच दाबलेलं असलं तरी चकार शब्द नाही. १९६० च्या दशकात वर्नर लोवेनस्टाइन यांनी हे पदर सोलून काढले आणि बघितलं, तर सोललेलं टोक दाबाला खूप वेळ प्रतिसाद देत राहिलं. म्हणजे इथलं शून्य करायचं बटण रसायनाचं नसून कांद्याच्या पदरांचं आहे. मला हे अजूनही शिकवताना आवडतं. एकच काम, नाकात कॅल्शियम करतं आणि बोटात पाणी.

एका एकट्या चेतातंतूतून हे पहिल्यांदा ऐकलं ते केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी. १९२६ मध्ये त्यांनी आणि इंग्वे झोटरमन यांनी बेडकाच्या स्नायूतल्या एका तंतूचे विद्युतठोके नोंदवले. स्नायू ताणून तसाच धरला की सुरुवातीला ठोके दाट, मग विरळ, विरळ. ताण कमी झालेला नव्हता. १९३२ चं नोबेल एड्रियन यांना शेरिंग्टन यांच्यासोबत मिळालं.

‘फरक कळतो’ म्हणजे किती फरक कळतो, हे त्याच्याही आधी, १८३४ मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबर यांनी वजनं उचलून ठरवलं होतं. उत्तर ग्रॅममध्ये येत नाही, प्रमाणात येतं. हातात उचललेल्या वजनात साधारण चाळिसाव्या हिश्शाचा फरक पडला तर कळतो. रिकाम्या पिशवीत एक लिंबू टाकलं की हाताला कळतं. पाच किलो भाजी भरलेल्या पिशवीत भाजीवाल्याने वरून एक लिंबू टाकलं तर कळत नाही, तिथे सव्वाशे ग्रॅम तरी पडायला हवेत. वेबरच्या या कामावर पुढे गुस्टाफ फेख्नर यांनी गणित चढवलं. हे गृहस्थ त्याआधी डोळ्यांत उरणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास करताना रंगीत काचांतून सूर्याकडे बघत बसले, डोळे अधू करून घेतले आणि भौतिकशास्त्राची प्राध्यापकी सोडून बसले. माझ्या वर्गात त्यांची गोष्ट दरवर्षी सांगतो, आणि लगेच वर्गाला सूर्याकडे न बघण्याची ताकीदही देतो.

डोळ्यांचा प्रकार सगळ्यात श्रीमंत आहे. भर उन्हातून एखाद्या हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्यात शिरा. आधी फक्त समईची ज्योत दिसते, पिंड चाचपडूनच. बाहुली लगेच मोठी होते, पण तिने फारसं साधत नाही: व्यास २ मिलिमीटरवरून ८ वर गेला तरी आत येणारा प्रकाश फार तर १६ पट होतो, आणि बाहेरच्या आणि आतल्या उजेडातला फरक हजारो पटींचा असतो. खरं काम पडद्यावर, रेटिनात चालतं. रंग बघणाऱ्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जमेल तेवढ्या सरावतात आणि थांबतात. मग सूत्रं अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशींकडे जातात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य उजेडाने विरलेलं असतं, ते पुन्हा भरून यायला अर्धा तास लागतो. हे द्रव्य बनायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, तो यामुळेच.

सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक करणाऱ्यांना हे पाठ असतं. अर्धा तास टॉर्चविना चाललं की चांदण्यात पायवाट दिसायला लागते, आणि मग कुणीतरी फोटोसाठी मोबाइलचा फ्लॅश मारतो आणि सगळ्यांची कमाई एका क्षणात धुतली जाते. भरपाईला पुन्हा वेळ जातो. आकाशदर्शनवाले लाल कागद लावलेला टॉर्च वापरतात, कारण दंडपेशींना तांबडा उजेड जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे त्यांचं ऱ्होडॉप्सिन टिकतं. दृष्टीच्या नेमक्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, म्हणून अंधुक तारा बघायचा असेल तर जरा बाजूला बघावं लागतं. कृत्तिकेच्या पुंजक्यावर करून बघा. रोखून पाहिलं की विरतो, शेजारी नजर ठेवली की भरून येतो.

पण डोळ्यांचं खरं आश्चर्य मी मुलांना पोस्टकार्ड आणि टाचणी देऊन दाखवतो. तुम्हीही करू शकता. कार्डाला टाचणीने एक बारीक भोक पाडा. एक डोळा मिटा, भोक दुसऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि त्यातून उजळ आभाळाकडे बघा. सूर्याकडे नाही, हे पुन्हा सांगतो. आता कार्ड भराभर, अगदी लहान गोलात हलवत राहा. काही सेकंदांत समोर वाळक्या झाडाच्या फांद्यांसारखी काळसर जाळी दिसायला लागते. त्या तुमच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. कार्ड हलवायचं थांबा, दोन-तीन सेकंदांत झाड नाहीसं होतं.

वाहिन्या रेटिनाच्या पुढ्यात आहेत, म्हणजे त्यांची सावली जन्मापासून आपल्या नजरेवर पडलेली आहे. डोळा फिरला तरी वाहिन्या त्याच्याबरोबरच फिरतात, सावली त्याच पेशींवर राहते, आणि त्या पेशींनी तिला केव्हाच शून्य धरलंय. भोक हलवल्यावर उजेड तिरपा होतो, सावली शेजारच्या पेशींवर सरकते, आणि त्या ओरडतात. बोहेमियाच्या यान पुर्किन्ये यांनी हे झाड दोनशे वर्षांपूर्वी मेणबत्तीच्या मदतीने पाहिलं होतं.

मग प्रश्न येतो, समोरची भिंत का नाहीशी होत नाही? आपण एकटक बघतो तेव्हाही डोळा बारीक थरथरत असतो, कळत नकळत उड्या मारत असतो, त्यामुळे चित्र सतत पेशी बदलतं. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी डोळ्यावर बसवलेल्या आरशांच्या मदतीने चित्र डोळ्याबरोबरच हलेल अशी सोय केली. चित्र काही सेकंदांत फिकं होऊन गेलं, उरला करडा रंग. आपण ज्याला स्थिर दिसणं म्हणतो ते डोळ्याच्या अखंड चुळबुळीवर उभं आहे.

फुगडीचं तर तुम्हाला माहीतच आहे. थांबल्यावर जग उलटं फिरतं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. डोकं फिरायला लागलं की नळी फिरते, द्रव मागे राहतो, मधला पडदा वाकतो, मेंदूला कळतं. पण एकाच वेगाने फिरत राहिलं की वीसेक सेकंदांत द्रव नळीची चाल धरतो, पडदा सरळ होतो. आमच्याकडे फिरती खुर्ची आहे, बारानीची म्हणतात. रॉबर्ट बारानी यांना याच कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं. विद्यार्थ्याचे डोळे बांधून खुर्ची एकसारखी फिरवत ठेवायची. आधी तो सांगतो, “उजवीकडे फिरतोय.” थोड्या वेळाने, “हळू झाली.” मग, “थांबली.” खुर्ची तशीच फिरत असते, वर्ग हसायला लागतो, त्याला कळत नाही का. मग आम्ही खरोखर थांबवतो आणि तो हात घट्ट धरून म्हणतो, “सर, उलटी का फिरवताय?” एकदा एक मुलगी पट्टी काढल्यावर माझ्यावर रागावली होती, मी तिला फसवलं म्हणून. ढगात शिरलेल्या वैमानिकाची हीच अवस्था होते, आणि तिथे कुणी हसत नाही. त्यांना शिकवतात ते हेच, की कानाचं ऐकू नका, समोरच्या काट्यांचं ऐका.

गाडी चालवणाऱ्यांनीही हे ऐकावं. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर तासभर १०० च्या वेगाने आलात की डोळे त्या पळत्या रस्त्याला सरावतात. बाहेर पडून गावातल्या रस्त्यावर ६० ची गाडी रांगल्यासारखी वाटते. तेव्हा स्पीडोमीटर बघा, स्वतःला विचारू नका.

जिभेबद्दल दोनच गोष्टी. जिलबीनंतर चहा फिका लागतो, त्यात चहा करणाऱ्याचा दोष नसतो. आणि रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं की लोक आठवड्यात कंटाळतात. आठवडा पुरत नाही, दोन-तीन महिने लागतात, आणि त्यानंतर जुन्या प्रमाणातलं मीठ खारट लागायला लागतं.

कानाच्या बाबतीत मात्र मला सावध करायचंय, कारण इथे लोक इजेला सवय समजतात. लोकलमध्ये इअरफोन लावता, आजूबाजूच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवता. दुसऱ्या दिवशी सकाळी शांत घरात तेच गाणं तेवढ्याच आवाजावर लावा, दचकाल. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर पहिली पाच मिनिटं छाती धडधडते, मग ‘सवय होते’. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते, लोकांचं बोलणं कापूस घातल्यासारखं येतं. ही सवय नव्हे, सरावणंही नव्हे. आवाज टिपणाऱ्या केसपेशी थकलेल्या किंवा मेलेल्या आहेत. एका कानात त्या १५ हजारांच्या आसपास असतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाला मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडून थोडं संरक्षण देतो, पण त्याला सुरू व्हायला क्षणाचा काही हिस्सा लागतो. फटाका त्याच्या आधी आत पोचलेला असतो. कारखान्यातल्यांसाठी ८५ डेसिबल, आठ तास, ही मर्यादा अनेक ठिकाणी धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते.

आता दाढ. वेदनेचे रिसेप्टर या सगळ्या कुळातले फटकून वागणारे. ते फारसे सरावत नाहीत, उलट जखमेच्या जागी जास्त हळवे होतात. सूज आली की तिथे प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात आणि ती रिसेप्टरचा उंबरठा खाली आणतात. म्हणून उन्हाने भाजलेल्या खांद्यावर सदरा टोचतो आणि सुजलेल्या दाढेला गार पाणी सहन होत नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ती रसायनं बनणं थांबवतात. काटा शून्य करायचं बटण इथे काढून ठेवलंय असं समजा. ते का, हे ज्यांना वेदना कळत नाही त्यांच्याकडे बघून समजतं. मधुमेहात पायाची जाणीव गेलेला माणूस चपलेत खडा घेऊन दिवसभर चालतो, आणि संध्याकाळी मोज्याला लागलेलं रक्त बघून त्याला कळतं.

या नियमाला एक चविष्ट अपवाद आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला चिकटतं तोच सुमारे ४३ अंशांवरच्या चटक्याने उघडतो, म्हणून मिरची ‘भाजते’. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमधला वाटा या शोधासाठी मिळाला. पण हाच रिसेप्टर पुन्हा पुन्हा कॅप्सेसिन मिळालं की मलूल पडतो. नागपुरात सावजीचा रस्सा शांतपणे ओरपणारा माणूस सोशिक असतोच असं नाही, त्याच्या जिभेवरचा हा रिसेप्टर मलूल पडलेला असतो. याच गुणामुळे कॅप्सेसिनचं मलम चेतातंतूंच्या दुखण्यावर लावतात.

परत तुमच्या स्वयंपाकघरात. आधी घरातलं. एलपीजी हवेहून जड असतो, खाली साचतो. गळती सांगणारं यंत्र बसवायचं तर जमिनीपासून फूटभर उंचीवर. पुढे पाइपने येणारा गॅस घेतलात तर तो हलका, तेव्हा यंत्र छताजवळ. शंका आली तर बटणं चालू-बंद करू नका, चालू दिवा बंदसुद्धा नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि बाहेरून एलपीजी गळतीच्या तातडीच्या नंबरवर, १९०६ वर, फोन. “वास येतोय का” हे आत बसलेल्याला विचारू नका. शेजारच्याला दारात बोलावून विचारा, किंवा स्वतः पाचेक मिनिटं गच्चीवर मोकळ्या हवेत थांबून परत या.

सासूबाईंचं नाक खरंच गेलंय का, हे मात्र तपासलंच पाहिजे. साठीनंतर वास कमी येणं खूप आढळतं, आणि कोविडनंतर तर सगळ्याच वयांत. सरावलेलं नाक ताज्या हवेत परत येतं, गेलेलं नाक येत नाही, एवढ्यावर घरच्या घरी अंदाज घेता येतो. त्यांना डोळे मिटून बसवा. हिंग, कॉफी आणि लवंग अशा तीन डब्या घ्या, आणि एक रिकामी, चुकवायला. एकेक डबी नाकाखाली दोन सेकंदच धरा, जास्त धरली तर आपणच नाक सराववू. दोन डब्यांमध्ये मिनिटभर थांबा. पहिल्या हुंगण्यात तिन्ही ओळखल्या, रिकामी रिकामी म्हणाल्या, तर त्या दिवशी दोष त्या तासाचा होता. हिंगही कळला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हे सगळं सकाळी करा, देवापुढे उदबत्ती लावायच्या आधी.